फॉरमॅट मारण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मोडक्या बाकांच्या आणि गॅदरिंगच्या जुन्या पडद्यांच्या सोबतीला नऊ संगणक एकावर एक रचून ठेवलेले आहेत. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने डेड स्टॉकचा क्रमांक घातला आहे आणि तिघांवर खडूने ‘बंद’ असे लिहिले आहे. मी शिपाईमामांना विचारले, “मामा, हे कशाने बंद पडले?” मामा म्हणाले, “चालू होत नाहीत, म्हणून बंद.” त्या वेळी मला हसू आले. पण वसतिगृहाकडे जाता जाता लक्षात आले, की मामांचे उत्तर आणि आपणा सुशिक्षितांचे उत्तर यांत काडीचा फरक नाही. चालू होत नाही म्हणून बंद, बंद म्हणून मेलेले, मेलेले म्हणून भंगारात! यंदा या नऊही यंत्रांचे निर्लेखन व्हायचे आहे असे ऐकते. ते होण्यापूर्वी मला चार शब्द बोलायचे आहेत.

संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे, हे आधीच कबूल करते. मी मराठीची विद्यार्थिनी. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आई चौथी शिकली, आण्णा सातवी. गावी दोन एकर जमीन आणि भावकीच्या विहिरीत चार आण्यांचा हिस्सा, एवढा आमचा पसारा. तेव्हा यंत्रविद्येचा वारसा मजपाशी असलाच, तर तो त्या विहिरीवरच्या मोटारीचा! तो असा नाही तसा उपयोगी पडला, ते पुढे सांगेनच.

येथे शहरात संध्याकाळी पाच ते आठ मी एका छोट्या डीटीपीच्या दुकानात काम करते. महिन्याची खानावळ त्यातून भागते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, दशक्रियेची कार्डे, मार्चअखेर झाली की पतसंस्थांचे अहवाल, असे कामाचे स्वरूप. दुकानाचे मालक (आम्ही त्यांना काका म्हणतो) शिस्तीचे आहेत, पण मायाळूही आहेत. त्यांचे मुख्य यंत्र २००९ साली घेतलेले, आणि त्यात एक नव्हे, तीन ऑपरेटिंग सिस्टिम नांदत होत्या.

तीन कशाला, असा प्रश्न कोणीही करील. पहिली विंडोज एक्सपी. ती २००१ सालची आणि ८ एप्रिल २०१४ पासून तिची डागडुजी कंपनीने थांबवलेली. तरीही काका ती सोडू शकत नाहीत; कारण त्यांचे अक्षरजुळणीचे जुने सॉफ्टवेअर तिच्यावरच चालते आणि त्याची किल्ली, म्हणजे डोंगल, प्रिंटरच्या जुन्या रुंद सॉकेटात अडकवलेली आहे. त्या काळच्या मराठी टंकांची रीतच निराळी होती. फाइलीत इंग्रजी अक्षरांचे संकेतांक साठवायचे आणि पडद्यावर मात्र त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवायचे. तो टंक नसला, की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, परंतु छापखान्यांचे व्यवहार त्यानंतरही कित्येक वर्षे जुन्या टंकांतच चालले. दुसरी विंडोज सेव्हन, ती नव्या प्रिंटरसाठी. आणि तिसरी लिनक्स. ती मी २०२४ साली काकांची परवानगी काढून घातली, कारण मला शिकायचे होते आणि माझ्याजवळ स्वतःचे यंत्र नव्हते. ते गुण्यागोविंदाने चालले होते असे म्हणायला हरकत नाही. फक्त घड्याळावरून भांडण होई. लिनक्स यंत्राचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवते, विंडोज भारताच्या. त्यामुळे मी लिनक्स वापरून उठले, की काकांच्या पडद्यावर साडेपाच तास मागची वेळ दिसे. “ही पोरगी आली की वेळ मागे जाते,” असे ते म्हणत.

ऐन लग्नसराईत, एका गुरुवारी संध्याकाळी, डिस्क भरत आली म्हणून मी विंडोज सेव्हनमध्ये जागा शोधत होते. डिस्कचे कप्पे पाहिले. सी, डी, ई अशी नावे असलेल्या कप्प्यांच्या पलीकडे एक कप्पा होता. त्याला अक्षर नाही, नाव नाही. विंडोजला लिनक्सचा कप्पा वाचता येत नाही, म्हणून तिने त्याला अक्षर दिलेले नव्हते. पण मला त्या क्षणी ते सुचले नाही. बेवारस दिसला म्हणून मी तो पुसला! वास्तविक तो मीच घातलेला होता. आठ वाजले होते, वसतिगृहाचे दार बंद होईल म्हणून यंत्र बंद करून मी निघाले.

शुक्रवारी संध्याकाळी जाऊन पाहते तो काका डोक्याला हात लावून बसलेले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत मजकूर होता. त्याचा अर्थ असा: चूक, असा कप्पा नाही, बचावाच्या रीतीत शिरत आहे. खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि एक लुकलुकणारी रेघ. काका म्हणाले, “दुपारी लाइट गेली-आली ना, तेव्हा उडालं.” मला काय झाले ते त्याच क्षणी उमगले. आणि मी गप्प बसले. हे येथे लिहायला मला आनंद होत नाही. पण गप्प बसले, हे खरे. हातात काम राहील की नाही, खानावळीचे काय, घरी काय सांगायचे, असे हजार विचार मनात येऊन गेले आणि लाइटीवर आळ गेला तो मी जाऊ दिला.

शनिवारी दुरुस्ती करणारे गृहस्थ आले. त्यांनी डबा उघडला, धूळ झाडली, रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, बोर्डावरचा गोल सेल काढून पुन्हा बसवला. पडद्यावर तेच वाक्य. ते म्हणाले, “हार्डडिस्क गेली. नाहीतर फॉरमॅट मारून बघू.” मी मध्ये काही बोलू पाहिले तर म्हणाले, “ताई, तुम्ही हात लावू नका.” सोळा वर्षांच्या फाइली त्या डिस्कवर होत्या. पत्रिका गेल्या तर एक वेळ पुन्हा करता येतील. पण त्यांत एका निवृत्त शिक्षकांच्या गावाच्या इतिहासाचे हस्तलिखितही जुळवून ठेवलेले होते. ते छापायला पैसे जमण्याआधीच गुरुजी गेले, आणि त्यांच्या वह्यांचे पुढे काय झाले ते कोणालाच ठाऊक नाही. मी काकांना म्हटले, “मला रविवारचा दिवस द्या.” त्यांनी दिला.

आता आण्णांची गोष्ट. विहिरीवरची मोटार चालू झाली नाही, की भावकीतला कोणीतरी हमखास म्हणतो, “मोटार जळली.” आण्णांना या वाक्याचा मनस्वी राग. ते म्हणतात, “मोटार जळली म्हनून कुनीबी सांगंल. आदी खांबावर फेज आलाय का बग, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार येती सगळ्यात शेवटाला.” लहानपणी टॉर्च धरून त्यांच्यामागे मी किती रात्री उभी राहिले असेन! सातवी शिकलेल्या माणसाची ती पद्धत मला तर्कशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाइतकीच पक्की वाटते. वीज जेथून येते तेथून निघायचे आणि ती जेथे थांबते तेथे थांबायचे.

संगणक सुरू होण्याचेही असेच आहे. बटण दाबल्यावर आधी बोर्डावरचा बायोस जागा होतो. रॅम, कळफलक वगैरे तपासतो. मग ठरलेल्या क्रमाने डिस्क धुंडाळतो आणि तिचा अगदी पहिला तुकडा उचलतो. हा तुकडा अवघ्या ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट म्हणजे एक चिमुकला प्रोग्रॅम, ६४ बाइट म्हणजे कप्प्यांचा तक्ता, आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे सही. तक्त्यात सोळा सोळा बाइटांच्या चारच नोंदी मावतात. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेली ही मांडणी २००९ सालच्या आमच्या यंत्रातही तशीच होती. (नव्या यंत्रांत आता निराळी व्यवस्था आहे.) तो चिमुकला प्रोग्रॅम पुढच्या मोठ्या प्रोग्रॅमला बोलावतो, तो त्याहून मोठ्याला, आणि असे करत करत सारी सिस्टिम उभी राहते. यालाच बूट होणे म्हणतात. इंग्रजीत बुटाच्या मागच्या बाजूला असलेला पट्टा ओढून स्वतःच स्वतःला उचलण्याची जी अशक्य कल्पना आहे, तीवरून हा शब्द आला. मी फोनवर आण्णांना “यंत्र बूट होत नाही” असे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “मग चपल घालून बग की!”

थट्टा बाजूला ठेवू. पडद्यावरचे वाक्य कोठून आले, याचा विचार मी शनिवारी रात्री वहीत लिहून केला. ते वाक्य बायोसचे नव्हते, ग्रबचे होते. लिनक्सबरोबर येणारा, तिन्ही सिस्टिमांची यादी दाखवणारा हा भालदार. त्याचा छोटा भाग डिस्कच्या आरंभी राहतो आणि मोठा भाग लिनक्सच्या कप्प्यात. मी कप्पा पुसला, म्हणजे वाडाच पाडला. दारावरचा भालदार तेवढा उरला आणि ‘वाडा सापडत नाही’ म्हणून ओरडत राहिला. पण तो ओरडत होता, हेच महत्त्वाचे! कारण भालदार स्वतः त्याच डिस्कवरून वाचला गेला होता. डिस्क मेली असती तर हे वाक्य पडद्यावर आलेच नसते. मेलेला मनुष्य ‘माझी किल्ली हरवली’ असे सांगायला उठून बसतो काय? रोगी स्वतःच्या तोंडाने दुखणे सांगत असताना आपण त्याला तिरडीवर बांधायला निघालो होतो.

रविवारी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून नेला आणि त्यावरून यंत्र सुरू केले. सी, डी, ई सगळे कप्पे दिसले. गुरुजींचे हस्तलिखितही दिसले. मी पहिल्या प्रथम सर्व फाइली काकांच्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. हा क्रम कोणी उलटा करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आधी उतरवून घ्यायचे, मग हत्यार उचलायचे.

मग विंडोज सेव्हनची डीव्हीडी घालून दुरुस्तीच्या खिडकीत बूटरेक ही आज्ञा फिक्स एमबीआर या जोडीसह दिली. ती फक्त त्या ४४६ बाइटांच्या जागी विंडोजचा प्रोग्रॅम लिहिते, कप्प्यांच्या तक्त्याला हात लावत नाही. एका क्षणात काम झाले. यंत्र पुन्हा लावले, यादी आली: विंडोज सेव्हन, आणि ‘विंडोजची पूर्वीची आवृत्ती’. ही पूर्वीची आवृत्ती म्हणजेच एक्सपी. (येथे एक मौज. धाकट्या सेव्हनला थोरल्या एक्सपीचे अस्तित्व ठाऊक असते, पण एक्सपी जन्मली तेव्हा सेव्हन नव्हतीच. त्यामुळे नंतर घातलेली एक्सपी सेव्हनला ओळखतच नाही आणि तिला दाराबाहेर काढते. जुनी आधी, नवी मागून, हा क्रम त्यासाठीच.)

आनंदाने एक्सपी निवडली, तो पडदा क्षणभर निळा झाला आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू! सेव्हननेही तेच केले. माझे अवसानच गळाले. निळ्या पडद्यावरचे वाचायलाही सवड मिळेना. शेवटी मोबाइलवर त्याचे चित्रण केले आणि थांबवून वाचले. शेवटी ‘७बी’ असलेला आकडा होता: ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तिथे पोहोचता येत नाही.

पण पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सला तर ती डिस्क व्यवस्थित दिसत होती! एकाच घरातले तीन साक्षीदार. दोघे म्हणतात दार बंद आहे, तिसरा आत जाऊन आलेला. अशा वेळी दाराविषयी नव्हे, किल्लीविषयी शंका घ्यावी. तेवढ्यात बायोसच्या पडद्यावर तारीख दिसली. ती २००९ सालची होती. दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी शनिवारी सेल काढला, तेव्हा यंत्र आपली तारीखही विसरले आणि इतर मांडणीही. डिस्कशी बोलण्याच्या दोन रीती बायोसमध्ये असतात, एक जुनी आयडीई आणि एक नवी एएचसीआय. काकांच्या दोन्ही विंडोज जुन्या रीतीवर घातलेल्या. सेल निघाल्यावर बोर्डाने मूळची, नवी रीत धरली. लिनक्सला दोन्ही भाषा येतात. मी रीत बदलून आयडीई केली, तारीख घातली, साठवले. एक्सपी आली. डोंगलचा दिवा लागला. तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते आणि मी सकाळपासून काही खाल्लेले नव्हते.

सोमवारी मी काकांना खरे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “लाइटवाल्यांना तीन दिवस उगीच शिव्या घातल्या मी.” आणि त्यांनी एका कागदावर ‘बिनअक्षराच्या कप्प्यास हात लावू नये’ असे लिहून तो कागद संगणकाच्या डब्यावर चिकटवला. तो अजून आहे. लिनक्स पुन्हा घालण्याची परवानगी मात्र अद्याप झालेली नाही.

आता मुद्द्याकडे येते. ‘फॉरमॅट मारा’ हा आज आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय होऊन बसला आहे. तापावर, पोटदुखीवर, मोडलेल्या हातावर एकच गोळी द्यावी, तसे हे आहे. माझा आक्षेप केवळ फाइली जातात एवढाच नाही. फॉरमॅटने यंत्र चालू होते, पण ते का बंद पडले होते ते कायमचे अज्ञात राहते. आणि पुढच्या वेळी तेच घडले की पुन्हा तेच. शिवाय सेलामुळे रीत बदललेली असेल, तर फॉरमॅट मारणाऱ्याला वाटते की आपल्या औषधाने गुण आला. वास्तविक त्याने रोग्याचे डोके बदलून टोपी बसवलेली असते.

यात दुरुस्ती करणाऱ्यांनाच दोष देणे मात्र मला अन्यायाचे वाटते. मीच हिशेब करून पाहिला. फॉरमॅटला तासभर लागतो आणि त्याचे पैसे आपण मुकाट्याने देतो. तीन तास बसून एखाद्याने फक्त एक आज्ञा दिली आणि बायोसमधला एक शब्द बदलला, तर आपण म्हणू, “एवढ्याचे कसले पैसे?” विचार करण्याच्या वेळेला आपल्या बाजारात भाव नाही, घाम दिसेल त्यालाच दाम. माझा रविवार फुकट होता म्हणून तो खर्चिता आला, आणि शिवाय अपराधही माझाच होता.

जुने ते सारे जपावे असेही माझे म्हणणे नाही. एक्सपीला आज इंटरनेटची वायर लावणे म्हणजे दार सताड उघडे टाकून निजणे होय. काकांच्या यंत्राची ती वायर आम्ही काढून टाकली आहे. विंडोज सेव्हनचीही मुदत १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज टेनची मोफत सर्वसाधारण डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर आज्ञा देत बसू नये. जे उतरवून घेता येईल ते घ्यावे आणि तिला निरोप द्यावा. काही यंत्रे खरोखरच मरतात. परंतु मेले आहे की नाही, ते पाहिले कोणी?

प्राध्यापक मंडळींपैकी कोणी म्हणतील, हे काम विज्ञान शाखेचे. मला तसे वाटत नाही. त्या रविवारी मला गणित लागले नाही. लागले ते वाचन. पडद्यावरचे वाक्य कोणाच्या तोंडचे, ते कशाविषयी बोलते, काय बोलत नाही, दुसऱ्या साक्षीशी ते जुळते की नाही, हेच तर आम्हांला मराठीच्या आणि इतिहासाच्या तासाला शिकवतात! आम्ही बखरींतल्या विधानांची अशी उलटतपासणी करायची आणि पडद्यावर सहा शब्द आले की घाबरून बटण दाबायचे, हे कसे चालेल? इंग्रजीची भीती, हे त्यातले खरे कारण असावे. माझ्यासारख्या, घरात इंग्रजीचे अक्षर नसलेल्या मुलामुलींना तो काळा पडदा म्हणजे साहेबाने दिलेली नोटीस वाटते. ती न वाचताच आपण आरोप मान्य करतो. मीही शुक्रवारी केलाच होता, फरक इतकाच की माझा आरोप खरा होता.

मागच्या खोलीतील यंत्रांकडे मी शिपाईमामांच्या कृपेने पंधरा मिनिटे पाहिले. तीन लावून पाहता आली. एकाला सेल नाही, तारीख चुकते आणि ते एफ वन दाबा म्हणून विनवत उभे राहते. दुसऱ्याच्या मागच्या बाजूला कोणाचा तरी पेन ड्राइव्ह अडकलेला होता. बायोस आधी तोच वाचायला जाई, आणि त्यात सिस्टिम नाही म्हणून तेथेच थांबे. तो काढल्यावर यंत्र सुरू झाले! (पेन ड्राइव्हवर राज्यशास्त्राच्या नोट्स आहेत. ज्याचा असेल त्याने मामांकडून न्यावा.) तिसऱ्याच्या डिस्कचा मात्र तो टकटक आवाज येतो.

प्राचार्यांना माझी विनंती आहे, की निर्लेखनाच्या कागदावर सही होण्यापूर्वी दोन शनिवारच्या दुपारी ती खोली आम्हांला उघडून मिळावी. खर्च म्हणाल तर तीन व्होल्टचे सीआर २०३२ जातीचे सात-आठ सेल, एक पेन ड्राइव्ह आणि चहा. तीन मुली आणि एक मुलगा यायला तयार आहेत. चौघेही कला शाखेचे. जी यंत्रे खरेच मेलेली निघतील त्यांवर ‘बंद’ असे नव्हे, तर कशाने बंद तेही आम्ही लिहून देऊ. किल्ली मामांकडे आहे.